तेल मुरतंय

गंजलेला नट सुटत नसला की माणूस पहिली चूक करतो ती जोर लावण्याची. नटाची टोकं झिजतात, पाना घसरतो, बोटं सोलतात आणि मग तो माझ्या दुकानात येतो. तो रागावलेला असतो, जणू काही नट मीच गंजवला आहे. मी विचारतो, भाग उन्हात असतो की पाण्यात? आणि सुटल्यावर रोज फिरणार आहे की पुन्हा तसाच बसून राहणार? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक माझ्याकडे नुसते बघत राहतात. त्यांना वाटतं तेल म्हणजे तेल. पण गंज सोडवणारं तेल वेगळं आणि भाग फिरता ठेवणारं वेगळं. पहिलं इतकं पातळ असतं की न दिसणाऱ्या फटीतसुद्धा वर चढत जातं, पण काम झालं की उडून जातं. त्याच्या भरवशावर राहिलात तर भाग पुन्हा आवळतो, तोही आधीपेक्षा घट्ट. म्हणून सुटला की पुसायचा आणि ग्रीस भरायचं. हे मी दिवसभर सांगतो, आणि माझ्याच दुकानाच्या मागच्या दाराच्या बिजागऱ्या गेली कित्येक वर्षं करकरतात. बायको म्हणते, "तेलवाल्याचं दार ऐकून घ्या सगळ्यांनी."

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. आमचं दुकान रस्त्यावर, मागे अंगण, अंगणाच्या एका कडेला घर आणि समोर पत्र्याची शेड. शेडमध्ये बाबांचा लेथ होता, लोखंड फिरवत तासायचं यंत्र. तो चालू असला की बोलून उपयोग नसायचा, त्यामुळे बाबा हातानेच सांगायचे. एक बोट वर करून हवेत गोल फिरवलं की चालू कर. तळहात आडवा सरकवला की बंद कर. जेवताना मी फार बडबड केली तरी तोच तळहात सरकायचा आणि मी गप्प व्हायचो.

गंजासाठी ते बाजारातलं काही वापरत नसत. रॉकेल, पातळ गिअर ऑइल आणि त्यात गंधपुऱ्याचं तेल, जे सांधेदुखीच्या मलमात घालतात ते. शेडला कायम मलमाचा वास असायचा. आई होती तेव्हा म्हणायची, "लोखंडाचे सांधे चोळता, माझे कोण चोळणार?"

बाबा शेडमध्येच पडले, लेथच्या पायाशी. अर्धं अंग गेलं. दवाखान्यात ते डोळे मिटून होते, हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "घरी नेता येईल असं धरून चालू नका," ते म्हणाले. मी धरून चाललो नाही. ताई दवाखान्याच्या बाकावर रडत बसली होती आणि मी शेड मोकळी करायला घेतली. मला तेलाचे पिंप ठेवायला जागा हवी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाचा पंपवाला, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, त्या लेथवर कधीपासून डोळा ठेवून होता. त्याने टेम्पो आणला, माणसं आणली, आणि लेथ गेला. तेल पिऊन काळ्या पडलेल्या फरशीवर त्याच्या पायांचे तेवढे स्वच्छ चौकोन राहिले.

त्याच आठवड्यात बाबांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण लेथ गेला होता. लेथ विकला हे एक वेळ सांगता आलं असतं. कधी विकला, हे कसं सांगणार? बाप जिवंत असताना मी त्याला गेलेला धरलं होतं, आणि हे त्याला कळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाबा घरी यायच्या आधी ताईने एक पलंग मिळवला. बंद पडलेल्या कुठल्याशा दवाखान्यातला, पायाशी हँडल असलेला. हँडल फिरवलं की खालचा लांब स्क्रू फिरतो आणि डोक्याकडचा भाग उठतो, म्हणजे माणसाला बसवता येतं. पण तो ओल्या खोलीत पडून होता, आणि स्क्रू गंजून गच्च बसला होता. हँडल जागचं हलेना.

"तुझं तर दुकानच तेलाचं आहे," ताई म्हणाली. "दोन दिवसांत सोडवशील. डॉक्टर म्हणालेत, बसवूनच भरवायचं, आडवं भरवलं तर ठसका लागेल."

खोली अरुंद, त्यामुळे पलंग एकाच बाजूने बसत होता, तोंड खिडकीकडे. आडवं पडून बाबांना खिडकीतून आभाळ आणि शेडच्या पत्र्याची कड दिसायची. उठून बसले असते तर अख्खी शेड दिसली असती. घराच्या बाजूला शेडला भिंत नाही, नुसती जाळी आहे. ताडपत्री लावावी असं मनात आलं होतं, पण बाबांनी पहिला प्रश्न ताडपत्रीबद्दलच विचारला असता.

"कशाने सोडवतोयस?" बाबांनी विचारलं. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"तुमचंच तेल घालतो."

"जोर लावू नको. मुरू दे." आणि मग थोडे हसले. "हाही लेथच की रे. तिथे लांब स्क्रू हत्यार सरकवतो, इथे माणूस."

मी दुकानात गेलो. डब्यांसमोर उभा राहिलो. कुठलं तेल हवं ते मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मी अळशीचा डबा उचलला. अळशीचं तेल लाकडाला लावतात. ते वाळतं, चिकट होतं, मग कातड्यासारखं घट्ट बसतं. कुणी गिऱ्हाईक ते गंजलेल्या स्क्रूला लावतो म्हणालं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. मी पलंगाखाली वाकलो आणि ब्रशने स्क्रूच्या प्रत्येक आट्यात ते भरलं. वर बाबा माझ्या तेलपाण्याचा आवाज ऐकत समाधानाने पडून होते. मला स्वतःची शिसारी आली. तरी मी काम अर्धं सोडलं नाही.

त्यानंतर रोज तेच. बायको उशा रचायची, उशा घसरायच्या. पातळ केलेला भात चमच्याने भरवताना बाबांना ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, चेहरा लालबुंद व्हायचा.

"अहो, अजून किती?" ती विचारायची.

"तेल मुरतंय."

वेळ मारून न्यायला हे एक वाक्य पुरतं, कारण ते खरं असतं. तेल मुरायला वेळ लागतोच.

लेथ चालू आहे असं वाटावं म्हणून मी अधूनमधून शेडमध्ये जाऊन ड्रिल मशीन रिकामंच फिरवायचो. बाबांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. मला वाटलं, आजारपणात कान गेले असतील. एकदा मी दुपारी माल आणायला बाहेर होतो, शेड बंद होती. संध्याकाळी त्यांच्या जवळ बसलो तर म्हणाले, "दुपारी लेथवर कोण होतं?"

"मीच," मी म्हणालो.

"तू नव्हतास. तू एवढा खोल कट घेत नाहीस. तासायचं हत्यार मोडलं असेल बघ."

मी हो म्हणालो आणि उठलो. आजारी माणसाला भास होतात, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

दोन दिवसांनी पंपवाला दुकानात आला. "दादा, हत्यार द्या नवीन," तो म्हणाला. "परवा दुपारी आमच्या माणसाने घाई केली, खोल घातला कट, तुटलं टोक."

तेलाबरोबर लेथची हत्यारंही मी ठेवतो, त्यातलं एक काढून दिलं. सुटे पैसे देताना मी ते काउंटरवर सांडले. योगायोग असतात, मी स्वतःला सांगितलं. हत्यारं रोज मोडतात.

"आणि एक," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांनी लेथच्या लांब स्क्रूला काय लावून ठेवलंय हो? आणला तेव्हा लोण्यासारखा फिरत होता. आता चिकट व्हायला लागलाय. रोज पुसतो, रोज नवीन." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत तपकिरी, ताणलं जाणारं काहीतरी होतं. मी नाकाशी नेलं. वीस प्रकारची तेलं मी डोळे मिटून ओळखतो. ती अळशी होती.

तो गेल्यावर मी घरात गेलो. बाबा झोपले होते. मी पलंगाखाली वाकून स्क्रूला बोट लावलं. चिकटपणा नव्हता. इतके दिवस मी भरलेल्या अळशीचा मागमूस नव्हता. आटे ओले होते, पातळ तेलाने, आणि वास मलमाचा होता. बायको बाबांच्या खांद्याला मलम लावते, त्याचाच असेल. मी हँडल धरून फिरवून बघितलं. ते अजूनही हललं नाही.

बायको दारातून म्हणाली, "बरं झालं हो, थोडं तरी वर केलंत. आज ठसका कमी लागला."

मी उठून पाहिलं. डोक्याकडचा भाग वितभर उचललेला होता.

"मी केलं नाही," असं म्हणणार होतो. पण मग तिने विचारलं असतं, इतके दिवस काय करत होतात?

त्यानंतर मी जे केलं ते सांगताना आजही मान खाली जाते. मी अळशीचा डबा पुन्हा आणला आणि दुप्पट घातला. माझा त्यात काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न होता असं म्हणता येईल, पण तसं नव्हतं. मला फक्त बाबा आडवे हवे होते. वितभर वर आल्यावर त्यांना शेडचा अर्धा खांब दिसायला लागला होता.

पंपवाला या वेळी चिडूनच आला. "दादा, लेथ जाम झालाय. पूर्ण. काम पडून आहे. आता तुम्ही नको, मला वडिलांनाच विचारू द्या. ते घरी आलेत म्हणे. त्यांचा लेथ, त्यांना माहीत असणार."

तो मागच्या दाराकडे वळलासुद्धा. मी जवळजवळ धावतच त्याच्या आडवा गेलो. "त्यांना त्रास नको, कालपासून ते डोळेच उघडत नाहीत. मी देतो ना, त्यांचंच तेल बनवून देतो."

मी त्याच्यासमोर बाटली भरली. रॉकेल, गिअर ऑइल, गंधपुरा. प्रमाण हाताला पाठ होतं. सगळ्या दुकानात मलमाचा वास भरला. "आटे आधी घासून घे, मग हे सोड," मी म्हणालो. "जोर लावू नको. मुरू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात पिंप हलवत होतो तेव्हा त्याचा फोन आला.

"दादा, सुटला! जादू आहे हो तुमच्या बाटलीत. ऐका, ऐका, चालू करतोय."

फोनमधून लेथचा आवाज आला. आधी मोटर, मग पट्टा, मग ती एका सुरातली घरघर, जी ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आणि मग घरातून दुसरा आवाज आला. लोखंडाचा, सावकाश, लयीत.

मी फोन कानाला तसाच धरून आत गेलो.

खोलीत बाबांशिवाय कोणी नव्हतं. पलंगाच्या पायाशी हँडल फिरत होतं.

ते घाईत फिरत नव्हतं. फोनमधल्या आवाजाबरोबर फिरत होतं. डोक्याकडचा भाग उठत होता. बाबांचं डोकं उशीवरून वर येत होतं, मग खांदे, मग छाती.

मी हँडल पकडलं. ते माझ्या मुठीत फिरत राहिलं. तळव्याची साल निघाली.

"बघितलंत का दादा?" फोनमधून पंपवाला ओरडला. "आता बंद करतो." घरघर थांबली.

हँडलही थांबलं.

बाबा ताठ बसले होते. खिडकीतून शेडकडे बघत होते. जाळीतून पिंप दिसत होते, आणि पिंपांच्या मधे फरशीवरचे ते चौकोन.

"कधी?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि खरंच बाहेर आलं. "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले होते... मला वाटलं, तुम्ही..." आणि मी रडायला लागलो, लहान मुलासारखा, तोंडावर हात घेऊन.

"बरोबर केलंस," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. थकवा होता. "तेव्हा मी इथे नव्हतोच." मग शेडकडे बघत म्हणाले, "टेम्पोत धक्के फार बसले रे. त्या माणसांनी नीट बांधलं नव्हतं."

त्या दिवसापासून बाबा बसून जेवतात. ठसका लागत नाही. ताई मला म्हणाली, "शेवटी सोडवलंसच तू," आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून जड वाटते. बायको चादर झटकते तेव्हा कधीकधी तिच्यातून लेथवर लोखंड तासताना निघतं तसं निळसर वेटोळं पडतं. तिला वाटतं माझ्या कपड्यांतून येत असेल. एक मी उचललं होतं. अजून गरम होतं.

पंपवाल्याची आठवड्याची सुट्टी असते तेव्हा त्याचा लेथ बंद असतो. त्या दिवशी बाबा डोळे उघडत नाहीत. हाक मारली तरी पापणी हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपवाल्याचं काम सुरू झालं की ते पाणी मागतात. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मी पंपवाल्याला तेल फुकट पाठवतो, आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्या धंद्याकडे लक्ष ठेवतो. त्याला ताप आला तेव्हा औषध घेऊन मीच गेलो होतो. "किती जीव लावता हो दादा," तो म्हणाला.

आज दुपारी तो दुकानात आला. खुशीत होता.

"नवीन लेथ घेतलाय. सगळं बटणावर. जुना आता नकोच, जागा अडते. भंगारवाला उद्या येतोय, पण म्हटलं वडिलांची वस्तू, आधी तुम्हाला विचारावं. घेता का परत?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? पिंप बाहेर काढायचे, लेथ त्याच चौकोनांवर ठेवायचा, आणि रोज सकाळी मी स्वतः चालू करायचा. रोज. एकही दिवस न चुकवता, ताप असला तरी, लग्नकार्य असलं तरी, मी म्हातारा होईपर्यंत. बायकोच्या मनगटांना सूज आली आहे. आम्ही दोघांनी सलग झोप घेतली त्याला किती काळ झाला ते आठवत नाही. हे सगळे विचार मी केले, आणि ते करताना मला माझी लाज वाटत होती. लाज वाटली म्हणून विचार थांबले नाहीत.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"भंगारवाला सकाळी लवकर येतो हां," पंपवाला म्हणाला आणि गेला.

मी मागे वळलो. दुकानाचं मागचं दार उघडं होतं. अंगणापलीकडे खिडकी, खिडकीत बाबा. आता ते ताठ बसलेले असतात, त्यांना सगळं दिसतं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांचा उजवा हात पांघरुणावर पडलेला असतो, पडल्यापासून तो कधी हललेला नाही. तो हात वर आला. एक बोट वर झालं आणि हवेत गोल फिरायला लागलं. चालू कर. चालू कर. बोट थांबत नव्हतं.

मी दारापाशी गेलो. मग मागचं दार लोटून घेतलं.

दार करकरलं नाही. मी बिजागरीला बोट लावलं. ती ओली होती, आणि बोटाला मलमाचा वास येत होता.